सहावा महिना लागलेल्या घोडीला लस द्यावी का?

प्रश्न: डॉक्टरताई, आमच्याकडे चार जनावरं. दोन घोड्या गाभण आहेत. थोरलीची ही चौथी वेळ, धाकटीची पहिलीच. दोघींना सहावा महिना लागलाय. शिवाय दीड वर्षाचं शिंगरू आणि एक घोडा, ज्याच्यावर माझी मुलगी उड्यांच्या स्पर्धांना जाते. आमचे पशुवैद्य हर्पीसची, म्हणजे ज्याने घोड्या गाभ टाकतात त्या विषाणूची, लस द्या म्हणतात, पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात. पाचवा तर हुकलाच. त्यातून शेजारच्या पागेतल्या घोडीने गेल्या वर्षी नवव्या महिन्याची लस घेतली आणि अकराव्या दिवशी गाभ टाकला. तेव्हापासून माझा हात धजावत नाही. लसीनेच घात होणार असेल तर ती घ्यायची कशाला? आर्टेरायटिसचीही एक लस असते असं ऐकलं, ती घ्यायची का?
– एक वाचक

उत्तर: लस द्या. दोघींनाही द्या, आणि पाचवा हुकला म्हणून पुढचं सोडू नका. या घोड्यांना आधी कधी ही लस मिळाली आहे का, हे तुमच्या पशुवैद्यांना सांगा. कधीच मिळाली नसेल तर पहिले डोस किती अंतराने द्यायचे ते त्या लसीच्या माहितीपत्रकाप्रमाणे ते ठरवतील. आजच फोन करा.

आता शेजारच्या घोडीबद्दल. तुमची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आज सुई टोचली आणि अकराव्या दिवशी मेलेलं शिंगरू हातात आलं, तर कोणाचंही मन या दोन गोष्टी जोडणारच. पण गाभण घोडीला साधारणपणे देतात त्या लशीत विषाणू मारलेला असतो. तो वाढू शकत नाही, गर्भापर्यंत जाऊन रोग करू शकत नाही. टोचल्या जागी सूज येते, एखाद-दुसरा दिवस अंग गरम राहतं, घोडी दाण्याला तोंड कमी लावते, एवढं मी पुष्कळदा पाहिलंय.

मग त्या घोडीचं काय झालं असेल? खरा विषाणू कसा चालतो ते पाहा. इक्वाइन हर्पीस विषाणू 1 नाकावाटे शिरतो. तिथून रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर स्वार होऊन गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो. त्या सुजतात, रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि वार सुटते किंवा विषाणू थेट शिंगरात उतरतो. संसर्गापासून गाभ टाकेपर्यंत कधी दोन आठवडे जातात, कधी तीन-चार महिने. आईला तोवर साधं पडसंही दिसलेलं नसतं. शिवाय लसीचा परिणाम अंगात उभा राहायला दोनेक आठवडे लागतात. त्या घोडीत हर्पीसच असेल, तर अकराव्या दिवशी जे घडलं त्याचं बी बहुधा लसीच्या आधीच पडलेलं होतं. आणि हर्पीसच होता हे तरी कोणी तपासलं का? जुळं, नाळेला पडलेला पीळ, वारेला झालेला जिवाणूंचा संसर्ग, यांनीही घोड्या गाभ टाकतात. तपासणीशिवाय लसीवर ठपका ठेवू नये, तसा विषाणूवरही नाही.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगते. ही लस म्हणजे पक्की भिंत नव्हे. लस घेतलेली घोडीही गाभ टाकू शकते. पागेत एकामागून एक घोड्या गाभ टाकतात ती लाट अडवणं आणि आजारी जनावराच्या नाकातून बाहेर पडणारा विषाणू कमी करणं, हे तिचं मोठं काम. म्हणून ती फक्त गाभण घोड्यांना देऊन भागत नाही. शिंगराला आणि स्पर्धेच्या घोड्यालाही द्या. याच विषाणूने कधीकधी मज्जासंस्थेचा आजार होतो, मागचे पाय लटपटतात, लघवी ठिबकते. त्या आजारापासून बचावाचा दावा कोणतीही लस करत नाही.

आणि मला तुमच्या पत्रातली खरी काळजी लसीची नाही, त्या स्पर्धेच्या घोड्याची वाटते. हा विषाणू एकदा शिरला की जन्मभर अंगात दबा धरून राहतो. बहुतेक घोड्यांना तो लहानपणीच गाठतो. लांबचा प्रवास, दूध तोडणं, आजारपण, नव्या कळपातली हाणामारी, असा ताण आला की पुन्हा जागा होतो. 2021 च्या फेब्रुवारीत स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला उड्यांच्या स्पर्धांसाठी जमलेल्या घोड्यांत तो पसरला. घोडे दगावले, आणि युरोपातल्या अनेक देशांतल्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. तुमचा घोडा परत येतो तो कोणाकोणाचा श्वास घेऊन येतो, तुम्हाला ठाऊक नसतं.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षाची गोष्ट सांगते. एका पागेत अकरा गाभण घोड्या होत्या, सगळ्यांना वेळच्या वेळी लस दिलेली. नोंदवही मीच लिहीत होते. बाहेरगावी जाऊन आलेलं एक तरणं शिंगरू जागा नाही म्हणून गाभण घोड्यांच्या ओळीतल्याच थाणात बांधलं गेलं. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही, कारण लस झालेली होती. काही आठवड्यांनी पहाटे एका घोडीने दहाव्या महिन्याचा गाभ टाकला. ना कळा, ना कास उतरलेली. शिंगरू पडद्यातच होतं, अंगावर केस आलेले, खुरांवरचे मऊ पिवळट पापुद्रेही अजून तसेच. आई शेजारी उभी राहून गवत खात होती. मोतद्दाराने ते हातगाडीत घातलं आणि आम्ही दोघं मधल्या बोळातून निघालो. गाडीतून पाणी ठिबकत होतं. दोन्ही बाजूंनी घोड्या माना बाहेर काढून हुंगत होत्या. मेलेलं शिंगरू, वार आणि ते पाणी विषाणूने भरलेलं असतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरी मी गाडी थांबवली नाही. पुढच्या तीन आठवड्यांत आणखी दोघींनी गाभ टाकला. उरलेल्या आठ सुखरूप व्याल्या. त्यांच्या वाचण्यात लसीचा हात होता असं मी मानते. पण तो बोळ अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून लसीबरोबर जागाही बदला. दोन्ही घोड्या एकत्र राहू देत, पण शिंगरू आणि स्पर्धेचा घोडा त्यांच्यापासून लांब, नाकाला नाक लागणार नाही असे. त्यांचं पाणी, बादल्या, खराऱ्याचा ब्रश वेगळा. रोज आधी गाभण घोड्यांचं काम उरका, मग बाकीच्यांचं, उलट नको. घोडा स्पर्धेहून आला की तीन आठवडे अगदी वेगळा ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. तुमच्या मुलीला वाईट वाटेल, पण घोड्या व्याईपर्यंत स्पर्धा टाळता आल्या तर फारच उत्तम. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, त्यामुळे साध्या जंतुनाशकाने तो मरतो. मात्र आधी शेण-माती धुऊन काढायला हवी, नाहीतर औषध वाया जातं.

गाभ पडलाच, तर घोडीला आहे तिथेच ठेवा. हातमोजे घाला, शिंगरू आणि वार दोन्ही न गळणाऱ्या पिशव्यांत घालून पशुवैद्यांकडे द्या. फुफ्फुस, यकृत आणि वारेच्या तुकड्यांतून पीसीआर तपासणीत कारण बहुधा कळतं. कोणतंही जनावर आत-बाहेर नेऊ नका. जिने गाभ टाकला ती घोडी पुढे सहसा नीट फळते.

घोड्या विषाणूने गाभ टाकतात का, हा प्रश्न डिमॉक आणि एडवर्ड्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या केंटकीत 1933 मध्ये मांडला. इतकी वर्षं लोटली, तरी वेगळं ठेवण्याला पर्याय निघालेला नाही.

आर्टेरायटिस हा अगदी वेगळा विषाणू. पैदाशीचा घोडा वरून धडधाकट दिसतो आणि त्याच्या वीर्यातून तो पसरू शकतो. त्याची जिवंत लस गाभण घोडीसाठी नाही, शेवटच्या दोन महिन्यांत तर मुळीच नको. शिवाय ती दिल्यावर रक्ततपासणीत लसीचं आणि रोगाचं लक्षण सारखंच दिसतं. तेव्हा तुम्ही ती घेऊ नका. पुढच्या वेळी पैदाशीच्या घोड्याला घोडी दाखवण्याआधी त्या घोड्याच्या रक्ताचा अहवाल मागा.

धाकटी पहिलटकरीण आहे. दोघींच्या दाखवण्याच्या तारखा खडूने थाणाच्या दारावर लिहा, खाली सातव्या आणि नवव्या महिन्याच्या तारखा. घोडीचे दिवस साधारण 340 धरतात. आणि स्पर्धेचा घोडा आज कुठे बांधलाय तेवढं मला कळवा.