मादी कोळी नराला खाते म्हणतात, मग बिचारा नर तिच्याकडे जातोच कशाला?

खाते हे खरंय, पण सगळ्या जातींत नाही आणि दरवेळी तर नाहीच. आणि तुम्ही प्रश्नात 'बिचारा नर' लिहिलंय ते काही मला पटलं नाही, दोघंही आपापला फायदा बघत असतात आणि तो फायदा एक नसतो, भांडण तिथंच आहे.

ऑस्ट्रेलियातला रेडबॅक कोळी घ्या. नराचं वजन मादीच्या जेमतेम 1-2 टक्के. मीलन चालू असताना हा पठ्ठ्या चक्क कोलांटी मारून स्वतःचं पोट तिच्या तोंडाशी नेऊन ठेवतो, आणि 65 टक्क्यांच्या आसपास वेळा ती खातेसुद्धा. वेडेपणा वाटतो ना? पण जीवशास्त्रज्ञ मेडियान अँड्रेड यांनी 1996 मध्ये दाखवलं की खाल्ल्या जाणाऱ्या नराचं मीलन साधारण 25 मिनिटं चालतं, वाचणाऱ्याचं 11, आणि पिल्लंही जवळपास दुप्पट त्याचीच निघतात. शिवाय मादी शोधायला निघालेले बहुतेक नर वाटेतच मरतात, म्हणजे हा वाचून तरी दुसरी कुठून आणणार. त्यात कोळ्याचं वीर्य जातं तोंडाजवळच्या दोन पाल्पमधून (छोट्या पायांसारखे अवयव), मादीच्या वीर्य साठवायच्या पिशव्याही दोन, त्यामुळे त्याला दोन फेऱ्या माराव्या लागतात. पहिल्या फेरीत तिनं पोट कुरतडलं तरी तो पोट आवळून धरतो आणि दुसऱ्या फेरीपर्यंत तग धरतो!

सगळेच एवढे उदार नसतात म्हणा. युरोपातल्या पिसॉरा मिराबिलिसचा नर माशी वगैरे रेशमात गुंडाळून भेट आणतो, कधी कधी आत नुसतं खाल्लेल्या किड्याचं टरफल, आणि मादीला कळलं की ती मीलन लवकर आटोपते. ती भेट घेऊन पळाली तर हा भेटीला तोंडानं चिकटून मेल्याचं सोंग घेतो, फरफटत जातो, ती खायला बसली की उठून परत कामाला. माझी सगळ्यात आवडती जात हीच. फिलोपोनेला प्रॉमिनेन्स या कोळ्याचा नर मात्र काम झाल्याक्षणी पुढच्या पायांच्या झटक्यानं सेकंदाला 88 सेंटिमीटरपर्यंतच्या वेगानं उडून जातो, जो उडत नाही तो मेला.

आणि नरही काही साधे नाहीत हां. लारिनिया जेस्कोवीचा नर मीलनात मादीच्या जननेंद्रियाचा एक भागच तोडून टाकतो म्हणजे दुसऱ्या कुणाला जमूच नये. दक्षिण अमेरिकेत वाळूत बिळं करणाऱ्या अलोकोसा ब्राझिलिएन्सिसमध्ये तर नर मोठा, मादीच त्याच्या बिळाशी जाते, आणि अशक्त मादी आली तर तो तिला खाऊनही टाकतो.