आकाशगंगा की दीर्घिका? आणि त्या 'दूर पळतात' म्हणजे नक्की काय

प्रश्न असा आहे की पेपरात "विश्वात अब्जावधी आकाशगंगा आहेत" असं वाचलं, मुलीच्या शाळेच्या पुस्तकात मात्र दीर्घिका लिहिलंय, मग आकाशगंगेचं अनेकवचन होतं का? आणि त्याच बातमीत पुढे "सगळ्या आकाशगंगा आपल्यापासून दूर पळत आहेत" असं होतं, ते तरी बरोबर आहे का?

सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. व्याकरणाने अनेकवचन होतं, एक शाळा अनेक शाळा तसं, त्यात काही अडत नाही. पण आकाशगंगा हे विशेषनाम आहे, आपण ज्या दीर्घिकेत (म्हणजे गॅलेक्सीत, ताऱ्यांच्या प्रचंड मोठ्या समूहात) राहतो त्या एकीचं. बाकी सगळ्या नुसत्या दीर्घिका. शाळेच्या पुस्तकांत आपलीला मंदाकिनीही म्हटलेलं सापडतं, तेही चालेल. बातम्या घाईघाईत हिंदीवरून उतरवल्या जातात, हिंदीत आकाशगंगा दोन्हीला सर्रास वापरतात, तिथून हे इकडे आलं असणार असा माझा अंदाज.

"दीर्घिका हा सरकारी शब्द आहे, कुणीतरी परिभाषा समितीत बसून पाडलेला" असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांच्यासाठी अमरकोश, संस्कृतचा जुना शब्दकोश. त्यात स्वर्गातल्या गंगेची नावं एका ओळीत दिलीत, "मन्दाकिनी वियद्गङ्गा स्वर्णदी सुरदीर्घिका". वियत् म्हणजे आकाश, म्हणजे वियद्गंगा हीच आपली आकाशगंगा, आणि दीर्घिका म्हणजे लांबट तळं किंवा मोठी विहीर ("वापी तु दीर्घिका" हेही तिथेच, पाण्याच्या शब्दांमध्ये), तर सुरदीर्घिका म्हणजे देवांचं तळं. मंदाकिनी, आकाशगंगा, दीर्घिका तिघी एकाच ओळीत शेजारी शेजारी बसल्यात! पाडलेला शब्द इतका जुना नसतो. आजचा अर्थ अर्थातच नवीन आहे.

आता दोन शब्द हवेत कशाला, तर ही गोष्ट फार जुनी नाही, शंभर वर्षांची. तोपर्यंत आकाशातला तो दुधाळ पट्टा म्हणजेच सगळं विश्व असं बऱ्याच खगोलशास्त्रज्ञांना वाटायचं आणि देवयानी तारकासमूहात जो पुसट ढगासारखा डाग दिसतो तो आपल्याच पट्ट्यातला एखादा तेजोमेघ, वायू-धुळीचा ढग, असणार असं ते धरून चालायचे. १९२० मध्ये वॉशिंग्टनला शॅप्ली आणि कर्टिस या खगोलशास्त्रज्ञांचा यावर जाहीर वाद झाला, निकाल काही लागला नाही. मग ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीने त्या डागाचे फोटो काढले, एका काचेच्या प्लेटवर एका ठिपक्याशी त्याने नवतारा (अचानक उजळणारा तारा, इंग्रजीत नोव्हा) म्हणून 'एन' लिहिलं होतं, मग जुन्या प्लेट्सशी ताडून पाहिल्यावर ते खोडलं आणि शेजारी व्ही-ए-आर लिहून वर उद्गारचिन्ह टाकलं, म्हणजे हा तर रूपविकारी तारा, प्रकाश कमीजास्त होणारा. ती प्लेट आजही जपून ठेवलीय. अशा ताऱ्याला उजेड वाढून कमी व्हायला किती दिवस लागतात त्यावरून त्याचं खरं तेज कळतं, हे हेन्रिएटा लेविट या बाईंनी १९१२ मध्येच दाखवलं होतं, आणि खरं तेज कळलं की अंतर निघतं. हबलचं अंतर आलं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. आज आपण सुमारे २५ लाख धरतो, पण त्याचा आकडासुद्धा आपल्या पट्ट्याच्या कितीतरी बाहेरचा होता. म्हणजे तो डाग तेजोमेघ नव्हता, ताऱ्यांचं अख्खं दुसरं गाव होतं.

(इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. या जातीच्या ताऱ्यांना सेफीड म्हणतात, सेफियस तारकासमूहावरून, आणि सेफियसला मराठीत वृषपर्वा म्हणतात. ग्रीकांनी तिथे आपलं एक राजघराणं बसवलं होतं, आपल्याकडे त्याच जागी महाभारतातलं बसवलं, वृषपर्वा, शर्मिष्ठा, देवयानी, ययाती. तर देवयानीचं अंतर मोजून दिलं ते वृषपर्व्याच्या जातीच्या ताऱ्याने, म्हणजे तिला विहिरीत ढकलणाऱ्या शर्मिष्ठेच्या बापाने.)

तर १९२४-२५ च्या सुमारास पहिल्यांदा एकाहून जास्त दीर्घिका आहेत हे पक्कं झालं आणि तेव्हाच जातीला वेगळा शब्द लागला. इंग्रजीवाल्यांनी काय केलं, गॅलेक्सी हे मुळात त्या पट्ट्याचंच नाव, ग्रीक 'गाला' म्हणजे दूध, तेच सगळ्यांना लावलं आणि आपली वेगळी दाखवायची तर पहिलं अक्षर कॅपिटल करतात. आपल्या लिपीत कॅपिटल अक्षर नाही हो! देवनागरीत फरक दाखवायचा तर शब्दच दोन लागतात, ते आपल्याकडे आहेत आणि आपण त्यातला एक फेकून देतोय.

यावर कुणी म्हणेल, नाशिकला गोदावरीलाही गंगाच म्हणतात की, "गंगेवर जाऊन येतो" म्हटलं तर कुणी हरिद्वारला गेला असं समजत नाही. किंवा गुरूचे चंद्र, शनीचे चंद्र म्हणतोच आपण. मान्य, तिथे बोलणाऱ्या-ऐकणाऱ्याला संदर्भ माहीत असतो, नाहीतर 'गुरूचे' हा शब्द काम करतो. पण "आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराचा फोटो" असं लिहिलं की गोंधळ पक्का. एप्रिल २०१९ मध्ये जो पहिला फोटो आला, नारिंगी कड्याचा, तो एम८७ नावाच्या दीर्घिकेतला, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं लांब, वस्तुमान सुमारे ६५० कोटी सूर्यांइतकं. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्याचा फोटो आला मे २०२२ मध्ये, ते आहे साधारण २७ हजार प्रकाशवर्षांवर आणि वस्तुमान जेमतेम ४० लाख सूर्य. दोघांना 'आकाशगंगेतलं' म्हटल्यावर वाचणाऱ्याने काय समजायचं? मी तरी २०१९ ला दोन-तीन जणांना समजावत बसलो होतो की हे आपलं नाही.

आता 'दूर पळतात'. इथे नामापेक्षा क्रियापद जास्त घोटाळा करतं. पळणं म्हटलं की आपण मध्यभागी उभे आणि बाकीचे आपल्याला घाबरून सुटलेत असं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात दीर्घिकांच्या मधली जागाच वाढतेय, त्यामुळे कुठल्याही दीर्घिकेत जाऊन बघितलं तरी असंच दिसेल, मध्य असा कुठे नाहीच. १९२७ मध्ये बेल्जियमच्या लमेत्र यांनी आणि १९२९ मध्ये हबलने अंतर आणि वेग यांचा संबंध मांडला, जितकं लांब तितका वेग जास्त. आजचा आकडा ढोबळ धरला तर दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला ७० किलोमीटर, म्हणजे १० कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका सेकंदाला २,१०० किलोमीटरच्या आसपास लांब जाते. म्हणून मी 'दूर जातायत' किंवा सरळ 'अंतर वाढतंय' लिहितो. 'विश्व प्रसरण पावतंय' हे रूढ आहे, राहू दे, फक्त शाळेतल्या तापलेल्या लोखंडी गोळ्याच्या प्रसरणामुळे लगेच प्रश्न येतो की मग ते कशात प्रसरण पावतंय, बाहेर काय आहे. त्यापेक्षा 'विश्व विस्तारतंय' बरं वाटतं, पण हे माझ्या आवडीचं झालं.

आणि 'सगळ्या' तर चूकच. जिथे गुरुत्वाकर्षणाने वस्तू बांधल्या गेल्यात तिथे हे वाढणं चालत नाही, आपली सूर्यमाला वाढत नाही, आकाशगंगा वाढत नाही, आणि शेजारीण देवयानी दीर्घिका (तोच तो पुसट डाग) तर उलट जवळ येतेय, आकाशगंगेच्या हिशोबाने सेकंदाला सुमारे ११० किलोमीटरने. दोघींची टक्कर नक्की असं बरीच वर्षं सांगायचे, २०२५ च्या एका अभ्यासाने पुढच्या १,००० कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता निम्म्यावर आणून ठेवलीय. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गावाकडे अंधार असेल तर शर्मिष्ठा तारकासमूहाच्या एम आकाराच्या जवळ ती नुसत्या डोळ्यांनी दिसते, मुलीला दाखवा, फोटोतल्यासारखी दिसेल अशी आशा मात्र ठेवू नका, नुसता धुरकट डाग असतो.

जाता जाता, "दुसरी सूर्यमाला सापडली" हाही तोच प्रकार. सूर्य आपला, म्हणून सूर्यमाला आपली. दुसऱ्या ताऱ्याभोवती असेल ती ग्रहमाला. आणि दीर्घिका शब्द अगदीच जिभेवर बसत नसेल तर गॅलेक्सी लिहा, माझी काही हरकत नाही.