घरी स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बसवला तर इंटरनेट कंपनीला काही कळणार नाही ना?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला फायबरचं कनेक्शन आहे, रास्पबेरी पाय ३ हा छोटा कंप्युटर पडून आहे, त्यावर अनबाउंड हा रिझॉल्व्हरचा प्रोग्राम टाकायचा विचार आहे.

कंपनीला कळेल. अनबाउंड रूट सर्व्हरपासून, म्हणजे डीएनएसच्या सगळ्यात वरच्या सर्व्हरपासून, स्वतः विचारत जातं, पण ते सगळं पोर्ट ५३ वरून, म्हणजे डीएनएसच्या ठरलेल्या दारातून, उघडं, कंपनीच्याच तारेतून. फायदा वेगळा आहे: घरातले सगळे जण काय उघडतात याची अख्खी यादी एकाच परक्या रिझॉल्व्हरकडे साठत नाही. माझ्या मते तेवढ्यासाठीही हे करावं.

आधी एक तपासा. डिग ही डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड वापरून १९२.०.२.१ ला कुठलंही नाव विचारा. तो पत्ता फक्त उदाहरणांसाठी राखलेला आहे, तिथे कुणीच नाही. तरी उत्तर आलं, तर वाटेत कुणीतरी पोर्ट ५३ अडवून स्वतःच उत्तरं देतंय.

इंदूरच्या आमच्या कंप्युटरवाल्या मंडळींचा ठरलेला सल्ला असतो: डीएचसीपीत (राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते वाटतो ती सोय) डीएनएसचा पहिला पत्ता पायचा आणि दुसरा ८.८.८.८ हा गूगलचा, लाइट गेली तर असू द्यावा. हा सल्ला साफ चुकीचा आहे, आणि मी तो दरवेळी खोडणार. दुसरा पत्ता राखीव नसतो. फोन, टीव्ही, लॅपटॉप तो वाटेल तेव्हा वापरतात, पाय धडधाकट चालू असतानासुद्धा. मग खासगीपणा कुठला? तो रकाना रिकामा ठेवा; राउटर ऐकत नसेल तर तिथेही पायचाच पत्ता भरा. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्या वाटेने कंपनीचा डीएनएस मिळतोच, तोही बंद करा.

लाइट गेल्यावर खरी अडचण घड्याळाची होते. पाय ३ ला बॅटरीवरचं घड्याळ नसतं. बंद होण्याआधी जी वेळ शेवटची नोंदली गेली, तीच धरून तो पुन्हा उठतो. तास-दोन तासांनी बिघडत नाही. पण उन्हाळ्यात मेन स्विच पाडून पंधरा दिवस गावाला गेलात, की परतल्यावर डीएनएसेकच्या (डीएनएसचं उत्तर खरं आहे का हे तपासायची सोय) सह्या त्याला ‘अजून लागू नाहीत’ अशा दिसतात आणि प्रत्येक नावाला सर्व्हफेल, म्हणजे ‘उत्तर देता येत नाही’, असं येतं. वेळ दुरुस्त करायला एनटीपी (इंटरनेटवरून वेळ देणारा) सर्व्हर हवा, त्याचं नाव सोडवायला डीएनएस हवा, आणि डीएनएस वेळेपायी अडलेला. म्हणून एनटीपी सर्व्हर नावाने न देता आयपी पत्त्याने द्या, किंवा डीएस३२३१ हे बॅटरीवरच्या घड्याळाचं मॉड्यूल लावा. तेवढ्यासाठी डीएनएसेक बंद करू नका.

कंपनीपासूनच लपवायचं असेल, किंवा वरच्या तपासणीत उत्तर आलं असेल, तर अनबाउंडला पोर्ट ८५३ वरून टीएलएसने, म्हणजे प्रश्न कुलूपबंद करून, बाहेरच्या रिझॉल्व्हरकडे पाठवा. पत्त्यापुढे हॅश टाकून सर्व्हरचं नाव लिहा आणि सर्टिफिकेटांच्या फाइलची वाट द्या. नाव नसेल तर सर्टिफिकेट कुणाचं आहे हे तपासलंच जात नाही. अर्थात मग ती यादी त्या रिझॉल्व्हरकडे जाते. आणि साइटचं नाव बहुतेक वेळा एसएनआयमधून (जोडणी सुरू होताना उघडं जाणारं साइटचं नाव) कंपनीला तरीही दिसतं; त्याला डीएनएस काही करू शकत नाही, व्हीपीएन लागेल.