‘कवचधारी प्राण्यांतील प्रतिपिंडे’ म्हणावं का?

ऐरोलीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. ठाणे खाडीवरच्या भित्तिपत्रकात मुलांनी ‘कवचधारी प्राण्यांतील प्रतिपिंडे’ असा मथळा देऊन खाली कालवं, तिसऱ्या, कोळंबी काढली आहे. मथळा चालेल का?

नाही चालणार. दोन्ही शब्द अडतात.

‘कवचधारी’चं लवकर आटपतं. बाजारात शेलफिश म्हटलं की सगळंच आलं, पण जीवशास्त्राच्या मराठीत कवचधारी म्हणजे कोळंबी, खेकडे, शेवंड. कालवं नि तिसऱ्या मृदुकाय, त्यातही शिंपाधारी. तेव्हा सरळ नावंच लिहावीत. दिवाळे गावच्या कोळणीलाही कळतील.

‘प्रतिपिंड’ जास्त घोटाळ्याचा. तो अँटिबॉडीसाठी, म्हणजे ठरावीक जंतूला ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनासाठी, ठरून गेलेला शब्द आहे, आणि अँटिबॉडी जबडा असलेल्या पृष्ठवंशी प्राण्यांतच बनतात. मुशीत असतात, सुरमईत असतात, कालवात नाहीत. खडकाला चिकटलेलं कालव खाडीचं पाणी गाळून पोट भरतं, म्हणजे जिवाणूंशी रोजचीच गाठ. त्याचं भागतं ते दुसऱ्या प्रथिनांवर. लेक्टिन जिवाणूच्या अंगावरच्या ठरावीक शर्करा ओळखून त्यांना चिकटतं, मग रक्तपेशींना तो गिळणं सोपं जातं. लायसोझाइम जिवाणूची पेशीभित्तिका फोडतं. हे आपल्या अश्रूंतही असतं. फ्लेमिंगने १९२२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली, पेनिसिलिनच्या आधी. डिफेन्सिन ही त्याहून छोटी पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांसारख्याच पण आखूड साखळ्या. त्यांना कुणी ‘प्रतिजैविक पेप्टाइड’ म्हणतात, मला ते पटत नाही. प्रतिजैविक म्हटलं की डॉक्टरांची गोळी आठवते. ‘सूक्ष्मजीवरोधी’ लांबलचक आहे खरं, पण दिशाभूल करत नाही.

कोळंबीचा आणखी एक प्रकार मुलांना आवडेल. शिळ्या कोळंबीचं डोकं काळं पडतं ना? ते फिनॉलऑक्सिडेज कुळातल्या विकरांचं (एन्झाइमांचं) काम. जिवंत कोळंबीत हीच विकरं जखमेपाशी मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य तयार करायला लागतात नि शिरलेले जंतू त्यात कोंडले जातात.

लेक्टिनला मराठी प्रतिशब्द घडवायच्या फंदात पडू नये. १९५४ मध्ये हे नाव लॅटिनमधल्या ‘निवडणे’ या क्रियापदावरून घेतलं गेलं, पण ‘निवडक प्रथिन’ केलं तर अर्थच उलटेल, निवडणारं ऐवजी निवडलेलं होईल. लेक्टिनच लिहावं, खाली एक ओळ खुलासा द्यावा. मथळा असा करता येईल: ‘कालवं, तिसऱ्या, कोळंबी: जंतूंशी लढणारी प्रथिने’.