पंगतीतला आग्रह आणि तुमचं पथ्य

पथ्याला सुरुवात केलीत, छान! घरी सगळं जमतं आणि लग्नाच्या पंगतीत बिघडतं, असं बहुतेकांचं होतं. चारचौघांत माणूस एकट्यापेक्षा जास्तच जेवतो. सध्या एवढंच करा:

- उपाशीपोटी जाऊ नका, ही सर्वांत मोठी चूक. निघताना काकडी खा, ताक प्या.
- कोशिंबीर, भाजी, वरण आधी. जिलेबी एकच, पण चवीनं.
- "नको" म्हणताना कारणं देऊ नका. डायटचं नाव काढलं की आग्रह दुप्पट! पानावर आडवा हात धरा, "पोट भरलं, आता मठ्ठाच वाढा" म्हणा.

घरच्यांना विश्वासात घ्या. माझ्या सासूबाईंनीच पुढे पाहुण्यांसमोर माझी बाजू घेतली. कॅलरी मोजणं नंतर बघू. लोणचं-पापड मात्र जपून: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाचं मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी हवं.