शिंगं नर भुंग्यालाच का येतात? मादीत तो जीनच नसतो का?

जीन दोघांतही असतो. ऑन्थोफॅगस टॉरस या शेणकिड्यात 'डबलसेक्स' नावाच्या एकाच जीनपासून नरात वेगळं आणि मादीत वेगळं प्रोटीन बनतं, नरातलं शिंग वाढवतं, मादीतलं दाबून ठेवतं. मजा म्हणजे अळीतच हा जीन बंद पाडला तर मोठ्या नरांची शिंगं खुरटतात आणि माद्यांच्या डोक्यावर चक्क शिंगं फुटतात! पण सगळं जीनवरच नाही हां, आईने अळीसाठी ठेवलेलं शेण कमी पडलं की नर लहानच राहतो, शिंगं जेमतेम, मग तो मारामारीच्या भानगडीत न पडता मोठ्या नराची नजर चुकवून बिळात घुसतो आणि मादी गाठतो. त्याच्याच भाऊबंदांतल्या ऑन्थोफॅगस सॅजिटेटसमध्ये तर उलटंच, तिथे माद्यांची शिंगं मोठी.