नव्या थीम पार्कच्या तिकिटाचा अंदाज: सुरुवातीला एवढंच बघा

नव्या थीम पार्कच्या एका दिवसाच्या तिकिटाचा अंदाज बांधताना एकच आकडा सांगू नका, किमान आणि कमाल असे दोन सांगा. मोठ्या पार्कांचे दर आता बहुतेक ठिकाणी तारखेनुसार बदलतात. नव्या पार्कच्याच मालकाच्या शेजारच्या पार्कचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग दिवस शोधा. तिथूनच मोजायला लागा.

नवखे घसरतात ते वार्षिक पासवर, म्हणजे वर्षभर पुन्हा पुन्हा जाता येईल अशा पासवर. तिकिटाला चार-पाचने गुणलं की पासचा दर निघतो, असं नसतं. मुळात पहिल्या वर्षी पास असेलच असं धरू नका. नवेपणामुळे गर्दी तशीही येते, राइड्स अधूनमधून बंद पडतात, मग पासधारकांची भर कशाला? अमेरिकेतल्या ऑर्लँडोचं एपिक युनिव्हर्स हे युनिव्हर्सल कंपनीचं थीम पार्क २२ मे २०२५ ला उघडलं, तेव्हा युनिव्हर्सलच्या वार्षिक पासमध्ये ते नव्हतं. तिकीटविक्रीही आधी अनेक दिवसांच्या पॅकेजनेच सुरू झाली होती.

आणखी दोन चुका टाळा:

- एका पार्कचा दर करासह, दुसऱ्याचा कराविना घेऊन तुलना करणं.
- बांधकामाच्या खर्चावरून तिकीट काढणं. तो पैसा खर्च होऊन गेलेला असतो. दर ठरतो मागणीवर आणि रोज किती माणसं मावतात यावर.

सवलती आणि हप्ते सध्या बाजूला ठेवा. आधी एका दिवसाचं तिकीट जमू द्या.